सुट्टीच्या दिवशी जर्मनीत उतरलेली विद्यार्थिनी : पहिल्या दिवसाचं एक प्रकरण

शुक्रवार, 3 ऑक्टोबर 2025. एका सत्रासाठी जर्मनीतल्या विद्यापीठात शिकायला निघालेली एक विद्यार्थिनी दुपारी सव्वाच्या सुमारास फ्रँकफर्टला उतरली आणि संध्याकाळी पावणेसातला आपल्या वसतिगृहाच्या दारात पोचली. व्हिसा, प्रवेशपत्र, विमा, ब्लॉक्ड अकाउंटची, म्हणजे व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवलेल्या खात्याची, पावती, खोलीचा सही केलेला करार, सगळं तिच्याजवळ होतं. खोलीची चावी मात्र तिला सोमवारी, 6 तारखेला सकाळी मिळाली. मधल्या तीन रात्री ती दुसऱ्याच्या घरी सोफ्यावर झोपली.

परदेशी सत्रासाठी जाणाऱ्या मुलामुलींची तयारी करून घेणं हे माझं काम आहे. ही विद्यार्थिनी आमच्या संस्थेची नाही. परत गाडी रुळावर आल्यावर एका मैत्रिणीच्या ओळखीने तिने माझ्याशी संपर्क केला, आपले मेसेज, तिकिटं, वसतिगृहाशी झालेला पत्रव्यवहार सगळं दाखवलं आणि यावर लिहायला आनंदाने परवानगी दिली. तिची ओळख पटेल असं काही इथे ठेवलेलं नाही. गावाचं आणि वसतिगृहाचं नावही देत नाही, कारण तिथल्या कुणाची यात चूक नव्हती आणि नाव आलं की वाचणारा आधी दोषी शोधायला लागतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. परदेशातला पहिला दिवस तिकीट काढताना ठरतो. कोणत्या वारी, किती वाजता आणि तिथल्या कोणत्या तारखेला आपण उतरतो, यावर त्या दिवसाचं निम्मं सुखदुःख अवलंबून असतं. आपल्याकडे व्हिसाची तयारी महिनोन् महिने चालते, आणि विमान टेकल्यानंतरच्या बारा तासांचा विचार कुणी बारा मिनिटंही करत नाही. याची मला मनापासून चीड येते, म्हणून हे इतकं सविस्तर लिहिते आहे.

निघण्याआधी काय ठरलं होतं

जर्मन विद्यापीठांचं हिवाळी सत्र कागदोपत्री 1 ऑक्टोबरला सुरू होतं आणि 31 मार्चला संपतं. तासांना सुरुवात बहुतेक ठिकाणी ऑक्टोबरच्या मध्याला होते, त्याआधी नव्या विद्यार्थ्यांसाठी ओळख-सप्ताह असतो. हिचा ओळख-सप्ताह सोमवारी 6 तारखेला सकाळी नऊ वाजता सुरू होणार होता. खोलीचा करार 1 तारखेपासूनचा होता. म्हणजे 1 ते 5 यांमधल्या कोणत्याही दिवशी पोचलं तरी चालेल, असा घरच्यांनी हिशोब केला. मंगळवार आणि बुधवारच्या विमानांपेक्षा गुरुवार रात्रीचं विमान काही हजारांनी स्वस्त होतं. वडिलांनी तेच घेतलं. शुक्रवार हा कामाचा दिवस, शिवाय पुढे शनिवार-रविवार सामान लावायला मोकळे, हाही विचार त्यात होता. विचार म्हणून तो चुकीचा नव्हता. फक्त तो आपल्या भिंतीवरचं कॅलेंडर बघून केलेला होता.

3 ऑक्टोबर हा जर्मनीचा एकीकरण दिन. 1990 साली याच दिवशी पूर्व आणि पश्चिम जर्मनी एक झाले, आणि तेव्हापासून या तारखेला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. तिथली सार्वजनिक सुट्टी नुसती शाळा-कचेऱ्यांची नसते. रविवार आणि सणाचे दिवस विश्रांतीसाठी राखून ठेवायचे, हे 1919 सालच्या वायमार राज्यघटनेच्या 139व्या कलमात लिहिलेलं आहे, आणि आजच्या जर्मन मूलभूत कायद्याच्या, म्हणजे तिथल्या सध्याच्या राज्यघटनेच्या, 140व्या कलमाने ते जसंच्या तसं पुढे चालू ठेवलं आहे. त्यामुळे सुपरमार्केट, मोबाइलची दुकानं, फर्निचरची दुकानं सगळी बंद. उघडी असतात ती रेल्वे स्थानकांतली आणि विमानतळावरची काही दुकानं, पेट्रोल पंप, उपाहारगृहं आणि पाळीने उघडी राहणारी औषधांची दुकानं. वसतिगृहाच्या केअरटेकरचं, तिथल्या भाषेत हाउसमाइस्टरचं, कार्यालयही बंद.

वसतिगृहाने ऑगस्टमध्ये पाठवलेल्या पत्रात चावी देण्याची वेळ होती : सोमवार ते शुक्रवार, सकाळी 9 ते 11. शेवटच्या ओळीत ‘सार्वजनिक सुट्ट्या वगळून’ असंही होतं. आता या पत्रात हे दोन स्वतंत्र इशारे आहेत. सुट्टी नसती तरी सव्वा वाजता विमानतळावर उतरणारी मुलगी अकराच्या आत चावी घेऊ शकत नव्हती. घरात पत्र सगळ्यांनी वाचलं होतं. वेळ आणि विमानाची वेळ शेजारी शेजारी ठेवून कुणी बघितली नव्हती.

सव्वा ते पावणेसात

पारपत्र तपासणीच्या रांगेत तासाभराहून जास्त वेळ गेला. खिडकीतल्या अधिकाऱ्याने प्रवेशपत्र आणि खर्चाची सोय दाखवणारा कागद मागितला. ते दोन्ही हिने हातातल्या बॅगेत, वरच्या कप्प्यात ठेवले होते, त्यामुळे तिथे दोन मिनिटांत काम झालं. ज्यांचे कागद मोठ्या बॅगेत असतात त्यांची इथे काय अवस्था होते ते मी अनेकांकडून ऐकलं आहे. मोठी बॅग अजून पट्ट्यावर फिरत असते आणि आपण तिच्या अलीकडे उभे.

सामान मिळेपर्यंत अडीच वाजले. गाडी पावणेतीनची. फ्रँकफर्ट विमानतळावर दोन रेल्वे स्थानकं आहेत : पहिल्या टर्मिनलच्या खाली स्थानिक गाड्यांचं, आणि पुलावरून चालत गेल्यावर लांब पल्ल्याच्या गाड्यांचं, जे 1999 साली सुरू झालं. पाटीवर रेल्वेचं चिन्ह दिसलं तिकडे ती वळली आणि स्थानिक फलाटावर उतरली. दोन मोठ्या बॅगा, पाठीवर तिसरी. चूक लक्षात येऊन योग्य फलाटावर पोचेपर्यंत गाडी गेली होती.

इथे रेल्वेच्या तिकिटाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण हा खड्डा प्रत्येक तुकडीत कुणीतरी पाहतोच. तिचं तिकीट स्वस्त प्रकारातलं होतं आणि ते त्या एकाच गाडीला बांधलेलं असतं. गाडीच उशिरा धावत असेल आणि मुक्कामी पोचायला किमान वीस मिनिटांचा उशीर होणार असेल, तर हे बंधन सुटतं आणि दुसऱ्या गाडीने जाता येतं. पण विमानतळावरची रांग लांब होती, हे कारण चालत नाही. काही विमान कंपन्या रेल्वेचं तिकीट विमानाच्या तिकिटाला जोडून देतात, त्याला ठरावीक गाडीची अट नसते. ते नसेल तर कोणत्याही गाडीला चालणारं महाग तिकीट घ्यावं, किंवा उतरल्यावरच काढावं. हिने दुसरं तिकीट तिथल्या तिथे काढलं, आणि विमानाच्या तिकिटात वाचलेले पैसे त्या फलाटावरच संपले.

गावी ती सहाच्या सुमारास पोचली. बस सुट्टीच्या वेळापत्रकाने, तासाला एक. वसतिगृहाशी आली तेव्हा दिवेलागण झाली होती. तिकडे ऑक्टोबरच्या सुरुवातीला सातच्या आसपास सूर्य मावळतो.

दाराशी घंटांची लांब पाटी, प्रत्येक घंटेपुढे आडनाव. आपल्या खोलीच्या क्रमांकापुढे अजून मागच्या माणसाचं नाव. कार्यालयाचं दार बंद आणि काचेवर कागद. फोनमध्ये इंटरनेट नाही, कारण विमानतळावरचं फुकट वायफाय आणि गाडीतलं वायफाय यांवर तोवर निभावलं होतं आणि ‘सिम तिथे गेल्यावर घेऊ’ असं ठरलं होतं. जर्मनीत 2017 पासून प्रीपेड सिमसुद्धा ओळखपत्राची पडताळणी झाल्याशिवाय सुरू होत नाही. आणि त्या दिवशी दुकानच बंद.

पंधरा-वीस मिनिटांनी कुणीतरी बाहेर पडलं आणि त्या उघड्या दारातून ती आत गेली. सामाईक स्वयंपाकघरात दोन मुलं जेवत होती. त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं, आपल्या फोनवरून इंटरनेट दिलं. त्यांच्यातल्या एकाने भिंतीवरच्या तातडीच्या क्रमांकावर फोन लावला. पलीकडच्या माणसाने शांतपणे सांगितलं की हा क्रमांक नळ फुटला, वीज गेली, हीटर बंद पडला यासाठी आहे, चाव्या सोमवारी. तो माणूस कठोर नव्हता. त्याच्याकडे चाव्या नव्हत्याच.

आणि याच वेळी, साडेसातच्या सुमारास, तिने आईला मेसेज केला : ‘पोचले. खोली छान आहे. जेवले.’ सोबत त्या स्वयंपाकघराचा फोटो.

आईचं उत्तर लगेच आलं. ‘व्हिडिओ कॉल कर ना, खोली बघू दे.’

तिने फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

हे सांगताना तिचा आवाज बसला, आणि मला वाटतं या सगळ्या प्रकरणात तिला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. बॅगा ओढणं, गाडी चुकणं हे ती हसत सांगते. आईशी खोटं बोलावं लागलं, ते नाही.

कशामुळे निभावलं

अनेक जर्मन विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांसाठी बडी कार्यक्रम असतो. आधीपासून शिकणारा एखादा विद्यार्थी स्वेच्छेने नव्याचा सोबती होतो. हिला ऑगस्टमध्येच एका मुलीचा मेल आला होता आणि हिने त्याला नीट उत्तर दिलं होतं, उतरण्याची तारीख कळवून. बडीने स्टेशनवर येऊ का असं विचारलं तेव्हा मात्र ‘नको, मी येईन’ असं कळवलं. उगाच कुणाला त्रास कशाला, ही आपली शिकवण. आता तिने त्याच मुलीला मेसेज केला. ती सायकलवरून आली, सोबत तिची घरातली मैत्रीण, आणि तिघींनी बॅगा ओढत त्यांचं घर गाठलं. वाटेत स्टेशनवरच्या दुकानातून ब्रेड, चीज, सफरचंदं घेतली.

बडी भेटली नसती तर? युवा वसतिगृह किंवा स्वस्त हॉटेल शोधावं लागलं असतं, आणि सत्राच्या पहिल्या आठवड्यात विद्यापीठाच्या गावात ऐनवेळी जागा मिळणं कठीण. सोफा मिळाला हे तिचं भाग्य होतं. पण ऑगस्टमधल्या त्या मेलला उत्तर देणं हे भाग्य नव्हतं, ते तिने केलेलं काम होतं. अशा मेलना उत्तरच न देणारी मुलं मी दर वर्षी बघते. ओळख नसलेल्या माणसाला काय लिहायचं, असं त्यांना वाटतं. लिहायचं एवढंच : मी अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक ठिकाणी पोचते आहे. बाकीचं ओळख झाल्यावर.

रात्री साडेआठला तिला बसल्या बसल्या झोप यायला लागली. उन्हाळी वेळ चालू असताना जर्मनी भारताच्या साडेतीन तास मागे असतो, म्हणजे तिच्या शरीराच्या घड्याळात बारा वाजले होते. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधला पेशींचा एक छोटा पुंजका हे घड्याळ चालवतो आणि डोळ्यांत येणाऱ्या उजेडावरून ते जुळवून घेतो. माणसाचं हे घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब असल्यामुळे पश्चिमेकडचा प्रवास पूर्वेकडच्यापेक्षा सोपा जातो. साडेतीन तासांचा फरक एरवी दोन-चार दिवसांत पचतो. तिला खरा त्रास होता तो विमानातल्या जागरणाचा. ती नऊला झोपली आणि साडेतीनला टक्क जागी झाली, कारण तिच्या आतल्या घड्याळात सकाळचे सात वाजले होते. अनोळखी घर, काळोख, कुणाला उठवायचं नाही, आणि भूक.

पहाटेच्या या भुकेबद्दल मी आता प्रत्येकाला बजावते. पहिल्या रात्री उशाशी काहीतरी खायचं हवंच. त्या वेळी पोटात काही नसलं की मन नको तिकडे जातं, आणि आपण इथे आलो हेच चुकलं असं वाटायला लागतं. तिच्याजवळ स्टेशनवरचा ब्रेड आणि सफरचंदं होती. तिने स्वयंपाकघरात उभ्यानेच खाल्लं, नळाचं पाणी प्यायली, आणि आईला मोठा मेसेज लिहिला, खरा. चावी मिळाली नाही, कुठे आहे, कुणाबरोबर आहे, बडीचा फोन नंबर आणि पत्ता. आईने उलट बडीलाच धन्यवादाचा मेसेज पाठवला.

शनिवार, रविवार

यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. शनिवारी दुकानं उघडी होती. सिम, उशी-पांघरूण, रविवारपर्यंतचं खाणं, एवढं तिने घेतलं. तिथल्या वसतिगृहांत पलंग आणि गादी असते, पांघरूण बहुधा आपलं आणावं लागतं. म्हणजे शुक्रवारी चावी मिळाली असती तरी ती रात्र कोट अंगावर घेऊन काढावी लागली असती, हे तिला दुकानात उभी असताना उमगलं. रविवारी पुन्हा सगळं बंद. बडीने तिला सोमवारचा रस्ता पायी दाखवून आणला.

सोमवार सकाळ

नऊला ओळख-सप्ताह सुरू आणि नऊ ते अकरा चावी. तिने चावी निवडली आणि विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला आदल्या रात्री तसा दोन ओळींचा मेल टाकला. मला हा तिचा सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो. ओळख-सप्ताहाचा पहिला तास नंतर कुणालाही विचारून भरून काढता येतो. चावी मंगळवारवर गेली की तिच्यामागची सगळी रांग एक दिवस मागे सरकते.

हाउसमाइस्टर पन्नाशीचे गृहस्थ, हातात पाटीला लावलेला कागद. खोली दाखवताना ते प्रत्येक वस्तूपाशी थांबत. खिडकी उघडून दाखवली : मूठ आडवी केली की पूर्ण उघडते, वर केली की नुसती वरून कलते. हीटरच्या नळावर 1 ते 5 आकडे आणि एक बर्फाची चांदणी. तिने पटकन 5 वर फिरवलं. त्यांनी मान हलवून 3 वर आणलं. 3 म्हणजे साधारण वीस अंश. 5 वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही, वीस अंश झाल्यावरही तापतच राहते. चांदणी म्हणजे पाइप गोठू नये इतकीच ऊब.

मग तो कागद. ताबा देताना खोलीची अवस्था लिहून घ्यायची आणि दोघांनी सही करायची, अशी तिथली पद्धत आहे. गादी, टेबल, खुर्ची, कपाट, दिवे, भिंती. त्यांनी सगळ्यांपुढे भराभर ‘ठीक’ लिहिलं. ती म्हणाली, “जरा थांबा.” टेबलाच्या काठाला चीर होती आणि पलंगाखाली जमिनीवर जळल्याचा काळा डाग. तिने ते दोन्ही दाखवले, फोटो काढले, कागदावर लिहून घेतलं. हाउसमाइस्टर अजिबात रागावले नाहीत, उलट वाकून डाग पाहिला आणि स्वतःच्या अक्षरात त्याची लांबी-रुंदी टिपली. सत्र संपल्यावर अनामत रकमेतून काय कापायचं, ते याच कागदावरून ठरतं. दमलेला माणूस पहिल्या दिवशी कशावरही सही करतो. शुक्रवारी संध्याकाळी, काळोखात, प्रवासाच्या शिणात तिने हा डाग पाहिला असता का, असं मी तिला विचारलं. “नाही हो मॅडम,” ती म्हणाली, “मी सही करून झोपले असते.”

चावीबरोबर दुसरा कागद मिळाला, घरमालकाने द्यायचा राहण्याचा दाखला. त्यावर राहायला आल्याची तारीख कराराप्रमाणे 1 ऑक्टोबर छापलेली होती. तिने ती बदलून 6 करून घेतली. हे वरवर बारीक वाटतं, पण जर्मन नोंदणी कायद्याप्रमाणे प्रत्यक्ष राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत आपला पत्ता नगर कार्यालयात नोंदवावा लागतो. हीच ती सगळ्यांच्या तोंडी असलेली आनमेल्डुंग. खोटी तारीख राहिली असती तर तिचे पाच दिवस विनाकारण गेले असते.

या प्रकरणातून मला काय दिसतं

चावी, दाखला, पत्त्याची नोंदणी, मग बँक खातं, मग ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसे. सप्टेंबर 2024 पासून विद्यार्थी व्हिसासाठी वर्षाला 11,904 युरो दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला 992. पण ते पैसे हातात येतात ते तिथलं चालू खातं उघडल्यावर, आणि अनेक बँका खात्यासाठी नोंदणीचा कागद मागतात. म्हणून घरचे ‘वर्षाचे पैसे भरलेत’ म्हणत निश्चिंत असतात, आणि मुलीच्या हातात पहिले दोन-तीन आठवडे फक्त प्रवासाचं कार्ड आणि थोडी रोख असते. हिच्याकडे दोन्ही पुरेसं होतं. नसतं तर बडीचा सोफाही फार काळ कामी आला नसता. विम्याचंही असंच. विद्यार्थी आरोग्य विमा प्रवेशाशी जोडलेला असतो, त्याआधीच्या दिवसांसाठी प्रवासी विमा वेगळा हवा. हिने तो घेतला होता, वापरायची वेळ आली नाही.

दुसरी गोष्ट मनाची. परदेशी गेल्यावर आधी मधुचंद्राचे दिवस असतात, मग उदासी येते, मग माणूस रुळतो, असं इंग्रजी यू अक्षरासारखं चित्र आपल्याकडच्या प्रत्येक मार्गदर्शन सत्रात दाखवतात. त्याचं मूळ लिसगार्ड या नॉर्वेजियन समाजशास्त्रज्ञाने 1955 साली मांडलेल्या अभ्यासात आहे, जो अमेरिकेत राहून परतलेल्या अभ्यासकांच्या मुलाखतींवर आधारलेला होता. म्हणजे आठवणींवर. पुढे मानसशास्त्रज्ञ कॉलीन वॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूझीलंडला गेलेल्या जपानी विद्यार्थ्यांची पाहणी केली, आणि पहिली नोंद उतरल्यापासून चोवीस तासांच्या आत घेतली. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अडचणी सर्वांत जास्त दिसल्या त्या सुरुवातीलाच, आणि पुढे त्या कमी होत गेल्या. मधुचंद्र सापडलाच नाही. माझा अनुभव याच्याच बाजूचा आहे. मुलांना ‘पहिले दिवस मजेचे असतात’ असं सांगून पाठवलं, की पहिल्या रात्री रडू आल्यावर आपल्यातच काही कमी आहे असं त्यांना वाटतं. त्यापेक्षा सरळ सांगावं : पहिला दिवस सगळ्यात जड जाऊ शकतो, आणि तो गेला की खूपसं ओझं उतरतं.

त्या खोट्या मेसेजबद्दलही याच अंगाने बोलायला हवं. ती खोटारडी नाही. पहिल्या संध्याकाळी घरच्यांना काय हवं असतं? सगळं छान आहे हे ऐकायचं असतं. तो दाब तिच्यावर होता. मी आता निघण्याआधीच पालकांना सोबत बसवून ठरवून घेते की पहिल्या दिवशी फक्त तीन गोष्टी कळवायच्या : पोचले, आज रात्री अमुक ठिकाणी झोपते आहे, अमुक माणूस जवळ आहे. खोली कशी आहे हे विचारायचं नाही, व्हिडिओ कॉल दुसऱ्या दिवशी. आयांना हे जड जातं. एका आईने मला विचारलं, “आणि तिचा चेहरा बघितल्याशिवाय मला झोप कशी लागेल?” मी म्हटलं, ताई, तुमच्यासाठी तिला उसना हसरा चेहरा करावा लागेल, ते तिला सोसणार नाही. त्या गप्प झाल्या, पण मान्य केलं.

मला विचाराल तर पहिल्या दिवसाचं काम इतकंच : दार उघडेल अशा जागी पोचणं, अंगावर पांघरूण, उशाशी खाणं, घरी एक खरा मेसेज, आणि जमेल तितका वेळ उजेडात राहून तिथल्या रात्रीपर्यंत जागं राहणं. सामान लावणं, कार्यालयं, सिमचे चांगले प्लॅन शोधणं, गाव बघणं, हे त्या दिवशी करायला जाऊच नये. निघताना आठवड्यापुरती ई-सिम किंवा रोमिंग चालू करून घ्यावं. हिच्याकडे ते असतं तर दारातली ती वीस मिनिटं इतकी लांब झाली नसती. आणि चावीच्या वेळेत पोचणं शक्यच नसेल, तर पहिल्या रात्रीची जागा आधीच पैसे भरून ठेवावी. वसतिगृहाला मेल करून चावी दुसऱ्या कुणाला, म्हणजे बडीला, लेखी अधिकारपत्रावर आधी घेता येते का हेही विचारावं. काही ठिकाणी चालतं.

तिची पत्त्याची नोंदणी 15 ऑक्टोबरला झाली, मुदतीच्या पाच दिवस आधी. बँक खातं त्यानंतरच्या आठवड्यात सुरू झालं.

पुढे जाणाऱ्यांसाठी तारखा लिहून ठेवते. 2026 सालचं उन्हाळी सत्र बुधवारी, 1 एप्रिलला सुरू होतं आणि बरेच करार त्याच दिवसापासूनचे असतात. 3 एप्रिलला गुड फ्रायडे, 6 एप्रिलला ईस्टर सोमवार, दोन्ही दिवशी संपूर्ण जर्मनीत सुट्टी, मधला रविवार ईस्टरचा. म्हणजे करार 1 एप्रिलपासून असेल तर चावीसाठी बुधवार आणि गुरुवार एवढे दोनच दिवस आहेत, नाहीतर थेट मंगळवार, 7 एप्रिल. हिवाळी सत्रासाठी 1 ऑक्टोबर 2026 गुरुवारी येतो आणि 3 तारीख शनिवारी. कार्यालयांना त्याने फरक पडत नाही, पण दुकानं शनिवार-रविवार सलग बंद राहतील. त्यामुळे शुक्रवारी दुपारी पोचणाऱ्याने स्टेशनवरून सरळ आधी सुपरमार्केट गाठावं आणि सोमवार सकाळपर्यंतचं खाणं घेऊनच पुढे जावं.